घरमालकांचं व्हिएन्ना

कुणी कुठेही निघालेलं असो, आमचे घरमालक त्याला व्हिएन्नाच्या सूचना देत. शेजारचं पंजाबी जोडपं बालीला निघालं तेव्हा त्यांनी कुंपणावरून बजावलं, "संडे को सब बंद रहता है, दूध शनिवार को ही ला के रखना." बुद्धविहारात येणारे एक तरुण डॉक्टर बहिणीच्या लग्नाला नागपूरला चालले होते. त्यांना सांगितलं, सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहा, डावी बाजू घाईच्या लोकांची. डॉक्टर हसून म्हणाले, "भाऊ, मी नागपूरचाच आहे." "मग तर जास्तच लक्षात ठेवा," घरमालक म्हणाले.

सानिका आणि निमिष, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की आजोबांच्या कपाटात रस्त्यावरच्या कामगारांसारखं पिवळं जाकीट कसं काय. तुमच्या आईने तुम्हाला अर्धी गोष्ट सांगितली, कारण तिला अर्धीच ठाऊक आहे. त्या दिवशी ती हॉस्पिटलात होती आणि निमिष जन्माला येत होता. उरलेली अर्धी आमच्या घरमालकांची आहे. ती मी लिहून ठेवते. आईकडून वाचून घ्या. तुम्ही व्हिएन्नातच राहता, तेव्हा माझं कुठे चुकलं तर तीच दुरुस्त करील.

आम्ही इथे, तुमच्यापासून जगाच्या दुसऱ्या टोकाला, क्रेगीबर्नला आलो तेव्हा तुमच्या मामाचं घर बांधून व्हायचं होतं. तोवर आम्ही या गृहस्थांच्या मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहिलो. नागपूरहून ते फार पूर्वी इथे शिकायला आले, पाणीपुरवठ्याच्या खात्यात इंजिनिअर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. उंच, वाळके, कानावर कायम पेन्सिल. अंगात ते चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट, ज्याला इथे हाय-व्हिज म्हणतात. ते कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही घालायचे. "दिसलं पाहिजे ना जी," एवढंच स्पष्टीकरण.

या देशात कुणाचा धक्का लागला, कुणाला उशीर झाला, कुणाची कॉफी सांडली, तरी समोरचा "नो वरीज" म्हणतो. आमच्या घरमालकांना तो शब्द ऐकवत नसे. प्लंबर जाताना "नो वरीज, मेट" म्हणाला की ते नळ पुन्हा उघडून बघत. गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून उभी करत, कारण निघायची वेळ आली तर वळवत बसायला नको. कुणाला आणायला विमानतळावर जायचं असेल तर आदल्या दिवशी जाऊन विमानतळ जागेवर आहे का ते पाहून येत. विहार म्हणजे एक भाड्याचा हॉल आणि त्याला एक दार, पण आत शिरताच ते बायकोला सांगत, "चुकामूक झाली तर त्या कचऱ्याच्या डब्यापाशी." मी एकदा म्हटलं, "भाऊ, इथे एकच दार आहे. चुकामूक होणार कशी?" ते म्हणाले, "एकच दार आहे, ताई. सगळे तिथेच शोधतील. गर्दी नाही का होणार?"

मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. माझ्या टेबलावर खडूसुद्धा एका रेषेत असायचे. तरीही या माणसाशेजारी मी स्वतःला बेफिकीर समजू लागले होते.

भारत सोडला तर त्यांनी एकच परदेश पाहिला होता, तुमचं व्हिएन्ना. त्यालाही कारण होतं. त्यांच्या कचेरीत व्हिएन्नाचा एक माणूस होता आणि तो वर्षानुवर्षं यांना सांगत आला होता की आमच्याकडे नळाला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी येतं. पाण्यात जन्म घालवलेल्या माणसाला ते सहन होईना. निवृत्त झाल्यावर ते वहिनींना घेऊन गेले. लोक राजवाडे बघायला जातात, हे नळ बघायला गेले.

त्या प्रवासाची हकीकत मी त्यांच्या स्वयंपाकघरात कितीदा ऐकली असेन. वहिनी पोह्यांवर तर्री वाढत असायच्या. त्या नर्स होत्या, कमी बोलायच्या, आणि नेमकं बोलायच्या.

"दुसऱ्याच दिवशी," घरमालक सुरू करत, "मेट्रोचं दार लागलं. ही आत, मी बाहेर. माझा फोन हिच्या पर्समध्ये. पाकीट हिच्या पर्समध्ये. चष्मा, हॉटेलचं कार्ड, समदं हिच्या पर्समध्ये. आपल्या माणसांचं असंच राहते. बायकोची पर्स म्हणजे आपला खिसा."

"दिलं कुणी होतं?" वहिनी विचारत.

"मीच. ऐका ना पुढं. मी काय केलं, मागून आलेली गाडी धरली आणि हिला शोधायला निघालो. हिनं काय केलं, पुढच्या स्टेशनवर उतरली आणि मला शोधायला उलटी निघाली. दोन गाड्या समोरासमोर आल्या. मला ही खिडकीत दिसली. मी काच ठोकून राहिलो आणि ही हात हलवून राहिली. बाय केल्यासारखी."

"मी 'थांबा' म्हणत होते."

"मला बाय दिसला."

मग ते उतरून परत फिरले, वहिनीही उतरून परत फिरल्या. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांना शोधायला मेट्रोच्या त्या लाल लाइनवरून उलटसुलट जात राहिले. वहिनी प्लॅटफॉर्मवर उतरल्या की "अहो, अहो" अशा हाका मारत. स्टेशनवरच्या एका बाईने विचारलं, त्यांचं नाव काय. वहिनींनी नाव सांगितलं, पण हळू आवाजात, आणि पुन्हा हाक मारताना "अहो"च. शेवटी घरमालकांचे पाय भरून आले. ते वर रस्त्यावर येऊन एका पाण्याच्या कारंज्यापाशी पायरीवर बसले. तिथे वहिनींना ते सापडले.

"मला वाटलं, माणूस पाण्यापाशीच जाणार," वहिनी म्हणत.

"थकून थांबलो म्हणून सापडलो. आधीच थांबलो असतो तर राजवाडाही बघून झाला असता." इथे ऐकणारे हसत. ते मात्र हसत नसत. हातातली वाटी खाली ठेवून म्हणत, "माणूस हरवत नाही जी. शोधायला निघाला की हरवते."

वहिनी ड्यूटीवरून यायला थोडा उशीर झाला की ते जाकीट घालून अंगणात येत आणि त्यांची गाडी वळेपर्यंत कचऱ्याचे डबे सरळ करत राहत. डबे सरळच असत.

आता आमचं सांगते. तुमच्या आईचे दिवस भरत आले होते. तुमच्या बाबांच्या घरचं कुणी येऊ शकत नव्हतं. सानिका चार वर्षांची. तुमची आई मला म्हणाली, "आई, तू ये." मी जाणारच होते. प्रश्न आजोबांचा होता.

आजोबांचं विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. डॉक्टरांनी त्याला सौम्य म्हटलं होतं. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, शेजाऱ्याशी व्याजदरावर तासभर बोलायचे आणि मग आमच्या घराचं दार कोणतं म्हणून मला विचारायचे. मी दिसले नाही तर मला शोधत रस्त्यावर जायचे. एकदा मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि ते मला शोधायला स्टेशनपर्यंत गेले होते. त्यांना इथे ठेवून जावं तर मामा-मामी दोघांच्या शिफ्ट. सोबत न्यावं तर दोन विमानतळ, परकी भाषा, जमिनीखालच्या गाड्या. मला झोप लागेना. डोळे मिटले की एकच चित्र दिसायचं. एक दार बंद होतंय आणि ते काचेच्या पलीकडे आहेत.

मामा म्हणाला, "आई, इट्स नॉट सेफ. तू एकटी जा. बाबांचं आम्ही मॅनेज करू."

"मी गेल्यावर ते मला शोधायला निघतील. तेव्हा तू शिफ्टला असशील."

त्याने घड्याळ पाहिलं. शिफ्टचीच वेळ झाली होती.

हे बोलणं आमच्या खोलीच्या पायरीवर चाललं होतं. घरमालक पलीकडे नळीने झाडांना पाणी घालत होते. त्यांनी नळ बंद केला. मामा गेल्यावर कुंपणाशी येऊन म्हणाले, "ताई, व्हिएन्नाला जाऊन राहिले तुम्ही?"

पहिल्यांदाच कुणीतरी खरोखर व्हिएन्नाला चाललं होतं. मला वाटलं ते खूश होतील. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. तिकीट नुसतं विकत घेऊन चालत नाही, ते निळ्या पेटीत घालून त्यावर ठसा मारून घ्यायचा. तिथे फाटकं नसतात, कुणी अडवत नाही, म्हणून आपण सुटलो असं समजायचं नाही. विकतचं पाणी घ्यायचं नाही, तो त्या गावाचा अपमान आहे. रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्याला थांबायचं, सगळे थांबतात. कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास येतो आणि एका कॉफीवर कितीही वेळ बसलं तरी कुणी उठवत नाही. दुकानात शिरताना नमस्कार करायचा. तिथले लोक त्यासाठी देवाचं नाव घेतात. "मी नाही घेतलं," ते म्हणाले. "देवाला नमस्कार मी इंडियात नाही घातला, तिथं जाऊन काहून घालू? मी 'गुटेन टाग' म्हणून काम भागवलं." आणि गाडीचं दार लागण्याआधी एका बाईचा आवाज येतो, "त्सुरुकब्लायबन, बिट्टे." मागे राहा, असा त्याचा अर्थ. ती बोलली की दाराकडे पाऊल टाकायचं नाही.

सरकत्या जिन्याचा सराव आम्ही इथल्या मॉलमध्ये केला. इथे लोक डावीकडे उभे राहतात. आम्ही तिघं उजवीकडे एका ओळीत, पुढे पिवळं जाकीट. मागून एक मुलगा म्हणाला, "अदर साइड, मेट." घरमालक मागे वळून म्हणाले, "वुई आर प्रॅक्टिसिंग."

पण खरा नियम त्यांनी शेवटी सांगितला. पुढे गेला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि जिथे उतरला तिथेच पाठ भिंतीला लावून उभं राहायचं. मागे राहिला त्याने मागची गाडी धरून यायचं. बाकी कुणी काहीही करायचं नाही.

मी म्हटलं, "भाऊ, नियम चांगला आहे. पण तो दोघांना आठवायला हवा. अडचण तीच तर आहे."

ते आजोबांकडे बघत राहिले. आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. मग हळूच म्हणाले, "डोक्याला कोण शिकवून राहिलं, ताई? आपण पायांना शिकवू. उद्या आर्वोला रेडी राहा." इथे दुपारला आर्वो म्हणतात.

क्रेगीबर्न हे आमच्या लाइनचं शेवटचं स्टेशन. गाडी इथूनच सुटते, पुढचं स्टेशन रॉक्सबर्ग पार्क. आजोबांनी गाडीत बसायचं, मी फलाटावर राहायचं. पहिल्या दिवशी दार बंद झालं आणि ते काचेतून माझ्याकडे बघत निघून गेले. मला माहीत होतं की हा सराव आहे. तरी मी गाडीमागे चार पावलं धावले. मागच्या गाडीने मी रॉक्सबर्ग पार्कला उतरले तर फलाटावर कुणीही नव्हतं. एक रिकामी बाटली वाऱ्याने इकडून तिकडे लोळत होती. नियमाप्रमाणे मी हलायचं नव्हतं. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

तेवढ्यात घरमालकांचा फोन आला. "ताई, घाबरू नका. साहेब दोन स्टेशनं पुढं, ब्रॉडमेडोजला आहेत. माझ्यासोबत चिप्स खाऊन राहिले." घरमालक त्याच डब्यात दुसऱ्या टोकाला बसून गेले होते. मला न सांगता.

परत आल्यावर मी आजोबांना विचारलं, "उतरला का नाहीत?"

"बसायला जागा मिळाली होती," आजोबा म्हणाले. "कशाला उतरू?"

आम्ही पुन्हा गेलो, आणि पुन्हा. कधी ते उतरले पण माझ्या दिशेने परत यायला निघाले. कधी उतरले आणि कुणाशी तरी बोलत वर पुलावर गेले. घरमालक न चिडता म्हणत, "होते, साहेब. पुन्हा एकदा." मामा वैतागला होता. "आई, सीरियसली? त्या अंकलना स्वतःलाच अँग्झायटी आहे."

"मलाही आहे," मी म्हटलं. "दोघांची मिळून एक तयारी होते."

मग एके दिवशी मी रॉक्सबर्ग पार्कला उतरले, तर आजोबा भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून, शाळेतल्या मुलासारखे उभे. पुढच्या खेपेलाही तसेच. नियम विचारला तर त्यांना सांगता येत नव्हता, पण पाय उतरत होते.

राहिला एकच धडा. तो माझा होता. घरमालक म्हणाले, "आता साहेबांना हाक मारा."

मी म्हटलं, "अहो."

"असं नाही. तिथं गर्दी राहते. 'अहो' म्हटलं तर फलाटावरचे समदे मराठी नवरे वळतील. नावानं मारा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना नावाने हाक मारली नव्हती. कागदावर लिहिलं होतं, बँकेत सांगितलं होतं. हाक म्हणून तोंडातून कधी काढलं नव्हतं. मी मुलांना इंग्रजीतून व्यक्तिस्वातंत्र्य शिकवलेली बाई, क्रेगीबर्नच्या त्या उघड्या फलाटावर पदर सावरल्यासारखी कार्डिगन सावरत होते. वहिनी मुद्दाम बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मारा, ताई. मी तेव्हा मारली असती तर आमचा एक दिवस वाचला असता."

मी म्हटलं, "मधुकर." आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

"मोठ्यानं."

"मधुकर."

आजोबांनी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी भर कचेरीत त्यांची टोपी उडवली. घरमालक समाधानाने म्हणाले, "चांगलं नाव आहे. लांब जाते."

निघायच्या दिवशी त्यांनी नवं पिवळं जाकीट आणून दिलं. खिसेच खिसे. एका खिशात तुमच्या घराचा पत्ता, एकात तुमच्या आईबाबांचे नंबर. "पासपोर्ट ताईंकडे," त्यांनी आजोबांना बजावलं, "पण तुमचा फोन तुमच्या खिशात. तिच्या पर्समध्ये नाही. कबूल?" मला त्या जाकिटाची लाज वाटली. मी ते बॅगेत सर्वांत खाली ठेवलं. आजोबांना इतकं आवडलं की त्यांनी ते बॅगेतून काढून घातलं ते घातलंच.

तुमच्या गावात पहिले काही दिवस बाबा सोबत होते. मग आईच्या कळा सुरू झाल्या आणि बाबा तिला घेऊन हॉस्पिटलात गेले. सानिका, तुला किंडरगार्टनला सोडून आम्ही दोघंच हॉस्पिटलकडे निघालो. नारिंगी लाइनने श्टेफान्सप्लाट्झला यायचं, तिथे लाल लाइन धरायची. नारिंगी गाडीत आजोबांनी खिशातून फोन काढला. "हा धर जरा, बोचतोय." मी घेतला आणि पर्समध्ये टाकला. हे माझ्या लक्षातही आलं नाही. आपल्याकडे हे लक्षात येत नाही.

लाल लाइनच्या फलाटावर खूप गर्दी होती. गाडी आली. आजोबा लोकांबरोबर आत गेले. माझ्यापुढे एक बाई बाबागाडी घेऊन आली, म्हणून मी तिला वाट दिली. तेवढ्यात तो आवाज आला, त्सुरुकब्लायबन, बिट्टे, आणि दार लागलं. काचेतून मला पिवळा रंग दिसला. ते माझ्याकडे बघत नव्हते. गाडी गेली.

मी फोन काढून त्यांचा नंबर लावला. माझी पर्स वाजू लागली.

त्या क्षणी मला सगळीकडे धावायचं होतं. वर जाऊन कुणालातरी सांगावं, बाबांना फोन करावा. पण बाबा तिकडे आईचा हात धरून बसले असणार. माझे पाय मात्र हलले नाहीत. ते फलाटावर मागच्या गाडीसाठी उभे राहिले. पायांना शिकवू म्हणाले होते, त्यांत माझेही पाय होते हे मला तेव्हा कळलं.

मागची गाडी आली. पुढचं स्टेशन श्वेडनप्लाट्झ, तुम्हाला ठाऊक आहे किती जवळ आहे. मला तो बोगदा संपेना. ही लाइन नदीच्या पलीकडे दूरवर जाते. ते उतरले नसतील तर? मला ब्रॉडमेडोज आठवलं. जागा मिळाली होती, कशाला उतरू. जन्मात पहिल्यांदा मी मनात म्हटलं की यांना बसायला जागा मिळू नये.

दार उघडलं. फलाटावर माणसंच माणसं. कुठे पिवळं काही दिसेना. मी ओरडले, "अहो."

समोर गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक गृहस्थ गर्रकन वळला. त्याच्याबरोबरची बाई म्हणाली, "तुम्हाला नाही हो, चला." शुद्ध पुणेरी मराठी. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मी श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"मधुकर!"

थोड्या अंतरावर छत्र्या आणि नकाशे घेतलेल्या प्रवाशांचा एक घोळका होता. तो बाजूला झाला आणि आत पिवळं जाकीट दिसलं. आजोबांनी वळून पाहिलं. कपाळाला आठ्या.

"चारचौघांत नावाने काय हाका मारतेस?" ते म्हणाले.

मुलांनो, मी आयुष्यात पुष्कळ चांगली वाक्यं वाचली आहेत. त्यांतलं एकही या वाक्याच्या जवळ येत नाही. हा माणूस मला ओळखत होता. मी आपल्याला नावाने हाक मारत नाही हे त्याला ठाऊक होतं.

मी त्यांचा हात धरला. "उतरलात कसे?"

"उतरायचं असतं ना." मग घोळक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे सगळे मला रस्ता विचारताहेत. मी सांगितलं, जरा थांबा, माझी बायको मागून येतेय. तिला इंग्रजी येतं."

आणि ते लोक खरोखरच थांबले होते. जाकीट बघून त्यांना वाटलं होतं की हे स्टेशनवरचेच. मी त्यांना भिंतीवरचा नकाशा दाखवला. मग आम्ही पुढची गाडी धरली, हातात हात घालून, आणि निमिष, तू आमच्या आधी पोचला होतास.

हॉस्पिटलच्या पायरीवरून मी क्रेगीबर्नला फोन लावला. घरमालकांनी सगळं ऐकून घेतलं.  मग त्यांनी विचारलं, "पाठ भिंतीला होती का?"

"नव्हती, भाऊ. मधोमध उभे होते."

"मग परत प्रॅक्टिस करावी लागते," ते म्हणाले. फोन ठेवण्याआधी, "आणि पाणी कसं आहे?"

आम्ही परत आलो त्यानंतरच्या थंडीत वहिनी गेल्या. ड्यूटी नव्हती, प्रवास नव्हता, घरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. हॉलमध्ये वंदना चालू होती तेव्हा घरमालक भिंतीला पाठ लावून बसले होते. त्या दिवशी अंगात जाकीट नव्हतं. नंतर मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "पुढचं स्टेशन वगैरे आपण मानत नाही, ताई. गेलं ते गेलं." चहाचा कप तसाच हातात. "पण हिला नियम पाठ होता." एवढं बोलून ते उठले आणि फाटकाची कडी लागली आहे का ते बघायला गेले.

पुढे त्यांनी घर विकलं आणि मुलाकडे पॉइंट कुकला राहायला गेले. समुद्राजवळ आहे, पण तिथे चालत जाण्यासारखं स्टेशन नाही, सगळे गाडीने जातात. मी फोनवर विचारलं, करमतं का. म्हणाले, "स्टेशनच नाही ना जी, काय करमते."

आजोबांचं आता तुम्ही फोनवर बघताच. मॉलमध्ये माझा हात सुटला की ते जवळची भिंत शोधून पाठ लावून उभे राहतात. सरावाचं काही आठवत नाही, घरमालकही आठवत नाहीत. नावाने हाक मारली तर आता रागावत नाहीत, नुसते बघतात. म्हणून मी पुन्हा "अहो" म्हणायला लागले आहे. त्याला अजून वळतात.

डिसेंबरात तुम्ही येणार. दूध मी शनिवारीच आणून ठेवीन, इथे रविवारी दुकानं उघडी असतात तरीही. आपण सगळे ट्रेनने शहरात जाऊ. सरकत्या जिन्यावर इथे डावीकडे उभं राहायचं, तुम्हाला उलटं वाटेल. दार लागून तुम्ही पुढे गेलात तर परत फिरू नका. पुढच्या स्टेशनवर उतरा, पाठ भिंतीला लावा, मी येते. आणि आजोबा पुढे गेले, तर तुम्ही कुणीही शोधायला धावू नका. ते उतरून उभे असतील. त्यांना आणायला मी जाते.